दिसणारे काठ, न दिसणारे सांधे : महाराष्ट्रीय स्त्रीवेशाच्या अभ्यासाची एक मर्यादा

पुण्याच्या कसबा पेठेतील लाल महालात जिजाबाई आणि बाल शिवाजी सोन्याच्या नांगराने भूमी नांगरीत असल्याचे शिल्प आहे. शहाजीराजांनी बांधविलेला मूळ महाल काळाच्या ओघात नष्ट झाला. सध्याची वास्तू पुणे महानगरपालिकेने १९८४ ते १९८८ या काळात उभारली. म्हणजे वास्तू नवी, शिल्प नवे आणि शिल्पातील वेशही आधुनिक कल्पनेतून साकारलेला. तरीही तेथे येणारा सामान्य प्रेक्षक आणि शाळेची सहल घेऊन येणारा शिक्षक हे दोघेही त्या वेशाकडे सतराव्या शतकातील वस्तुस्थिती म्हणून पाहतात. यात शिल्पकाराचा दोष नाही. शिल्पकलेला पृष्ठभागच घडविता येतो. पदर कोठून आला, निऱ्या कोठे खोचल्या, कमरेशी गाठ होती की नुसतीच गुंडाळी, चोळीचे तुकडे किती आणि ते कोठे जोडले, हे प्रश्न शिल्पाला विचारता येत नाहीत. खरी अडचण अशी आहे की, मराठीतील वेशभूषाविषयक लेखनानेही हे प्रश्न फारसे विचारलेले नाहीत. या लेखनाने काठ, पदर, रंग, जर आणि नावे यांची नोंद आस्थेने केली. परंतु वस्त्र ज्यामुळे अंगावर टिकते त्या अंतर्गत रचनेकडे, म्हणजे गाठ, घडी, खोच, सांधा आणि दुरुस्ती यांच्याकडे, पाठ फिरविली. प्रस्तुत लेखाचा रोख या पाठ फिरविण्यावर आहे.

उपलब्ध लेखनाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील इंग्रजी ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. शिल्पे, चित्रे आणि प्रादेशिक निरीक्षणे यांच्या आधारे त्यांनी नेसण्याच्या पद्धतींचा जो पट मांडला, तो आजही आधारभूत मानला जातो. ना. गो. चापेकर यांच्या 'पेशवाईच्या सावलीत' (१९३७) या ग्रंथाने जुन्या जमाखर्चाच्या कागदांतून वस्त्रांची नावे आणि किमती उजेडात आणल्या. तथापि या दोन्ही प्रकारच्या साधनांना एक उपजत मर्यादा आहे. शिल्प आणि चित्र वस्त्र नेसल्यानंतरचे दाखवितात. जमाखर्च वस्त्र नेसण्यापूर्वीचे सांगतो. जमाखर्चाच्या लेखी लुगडे म्हणजे एक नग आणि चोळखण म्हणजे दुसरा नग. दुकानातून किंवा जामदारखान्यातून वस्त्र बाहेर पडले की कारकुनाचे काम संपते. या दोहोंच्या मध्ये जे घडते, म्हणजे सपाट कापडाचा वेश होणे, ते बाईच्या हाताने आणि घराच्या आत घडते. त्याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण ती नोंद ठेवण्याजोगी गोष्ट आहे असे कोणाला वाटले नाही.

पाश्चात्त्य अभ्यासाने ही पोकळी एका साध्या कृतीने भरून काढली. इंग्लंडमधील जॅनेट आर्नल्ड (१९३२-१९९८) यांनी संग्रहालयांतील जुने झगे प्रत्यक्ष हाताळून, आतून पाहून, मोजून त्यांचे आराखडे काढले. त्यांच्या 'पॅटर्न्स ऑफ फॅशन' या ग्रंथमालेचा पहिला भाग १९६४ मध्ये निघाला. अस्तर कोठे आहे, हाडाच्या पट्ट्या कोठे घातल्या आहेत, कोणती शिवण उसवून पुन्हा घातली आहे, हे त्या आराखड्यांत वाचता येते. बाहेरून राजवैभवी दिसणारा झगा आतून किती काटकसरीने जोडलेला असतो, हे वाचकाला त्यातून उमगते. मात्र ही पद्धत जशीच्या तशी येथे आणणे शक्य नाही. झगा खुंटीवर टांगला तरी झगाच राहतो. लुगडे सोडले की ते पुन्हा कापड होते. त्याची रचना वस्त्रात साठविलेली नसून नेसणारीच्या हातांत साठविलेली असते. म्हणून संग्रहालयाच्या काचेआड घडी घालून ठेवलेले नऊवारी लुगडे हे, काटेकोरपणे बोलायचे तर, वेशाचा नमुना नव्हेच. तो कापडाचा नमुना आहे.

नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. 'वार' हे माप पुढे रूढ झाले. त्याआधी लुगडी हातांवर मोजली जात, आणि दीड फुटाचा एक हात धरला तर नऊ वारांचे अठरा हात होतात. माप शरीराचे आणि वस्त्रही शरीराभोवतीचे, हा योगायोग नव्हे. लुगड्याची एक बाजू कमरेभोवती घेऊन तिचीच गाठ मारली जाते; नाडी, पट्टा, टाचणी यांपैकी काहीही लागत नाही. पुढे निऱ्या, त्यांतील मधला भाग दोन्ही पायांमधून मागे नेऊन कासोटा, आणि उरलेले छातीवरून खांद्यावर पदर म्हणून. एवढ्या लांबीचे कापड स्वतःच्याच वजनाने आणि घर्षणाने जागच्या जागी धरले जाते. पुढच्या बाजूस खोचलेल्या ओच्यात भाजी, धान्य, रानातल्या शेंगा मावतात. कमरेच्या वळकटीत कनवटी असते आणि तिच्यात नाणी राहतात. कनवटीला पैसा लावणे हा वाक्प्रचार आज केवळ भाषेत उरला आहे. एके काळी तो बाईच्या स्वतंत्र मिळकतीचा, किंवा तशा मिळकतीच्या अभावाचा, अक्षरशः अंगावरचा हिशेब होता. ज्या वेशात एकही खिसा शिवलेला नाही त्यात अशा दोन लपविलेल्या जागा असाव्यात, ही गोष्ट एखाद्या चित्रावरून कशी कळणार?

अदृश्य रचना नेसण्यातच असते असे नाही. ती विणकरीतही असते. इरकली लुगड्याचे अंग आणि पदर यांचे ताणे निरनिराळे असतात. अंगाला बहुधा सूत आणि पदराला रेशीम. हे दोन ताणे माग सुरू करण्यापूर्वी फासाफासाने एकमेकांत अडकवितात. या जोडणीला कोंडी म्हणतात. जोड दर लुगड्यात येत असल्यामुळे ताणाही एकेका लुगड्यापुरताच लावावा लागतो. थानच्या थान एकदम काढता येत नाही. लाल रेशमी टोपपदर आणि गर्द अंग यांच्या सीमेवर बोट फिरविले तर ही रेषा लागते, नाही तर डोळ्यांना ती फारशी जाणवतही नाही. पैठणीच्या बाबतीत उलट प्रकार. तिच्या पदरावरचे मोर आणि वेली वेगवेगळ्या रंगांचे बाणे एकमेकांत गुंतवून विणतात, त्यामुळे मागे मोकळे धागे लोंबत नाहीत आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात. कौतुकाच्या भाषेत याला कसब म्हटले जाते आणि ते खरेच आहे. पण त्याला नेसण्याचेही कारण असावे. पदर खांद्यावरून पुढे घेतला, डोक्यावरून घेतला, कमरेशी खोचला, तर त्याची कोणती बाजू केव्हा वर येईल याचा नेम नाही. जे वस्त्र उलटेसुलटे होणारच आहे त्याला उलटी बाजू नसणे सोयीचे.

चोळीकडे वळले की प्रथमच सुई येते. आणि चोळीविषयीचे आपले अज्ञान अधिक खोल आहे. चोळीचे खण प्रामुख्याने आजच्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथून महाराष्ट्रात येत आले आहेत. खणाच्या कापडाला दोन्ही कडांना काठ असतात आणि त्याचा पन्हा लुगड्याच्या पन्ह्याहून लहान असतो. चोळी बेतताना हे काठ बाहीच्या टोकाशी आणि पाठीच्या खालच्या कडेला येतील अशी योजना करावी लागते. म्हणजे कापण्याची पहिली रेषा शिंप्याच्या मनात नसून विणकराच्या मागावरच आखली गेलेली असते. टोरांटो येथील वस्त्र-अभ्यासक डॉरोथी बर्नहॅम यांनी १९७३ मध्ये 'कट माय कोट' या छोट्या पुस्तकात दाखवून दिले की, जगातील बहुतेक पारंपरिक अंगरख्यांचे आणि सदऱ्यांचे बेत हे मागाच्या रुंदीतून जन्मले आहेत; हाताने विणलेल्या कापडाची चिंधी वाया घालविणे कोणालाच परवडत नसे. मराठी चोळी हे या विधानाचे उत्तम उदाहरण ठरले असते. पाठ आणि बाह्या निघाल्यावर जे तुकडे उरतात त्यांतूनच छातीच्या कटोऱ्या, खालची पट्टी आणि काखेखालचा चौकोनी तुकडा साधायचा असतो. हा शेवटचा तुकडा सर्वांत लहान, आणि हात वर करणे त्याच्यावर अवलंबून. तो नसेल तर जात्याचा खुंटा धरता येत नाही, उखळात मुसळ उचलता येत नाही. बाहेरून तो कधीच दिसत नाही.

चोळीला गुंडी नाही. पुढची दोन टोके एकमेकांत बांधून गाठ मारायची. शरीर बदलते, बाळंतपणे होतात, बाई रोडावते किंवा सुटते, आणि गाठ हे सारे सामावून घेते. जे गाठीला साधत नाही ते शिवणीतल्या कापडाने साधायचे. शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या या जास्तीच्या कापडाला शिवणकामात 'माया' म्हणतात. कोणत्याही परिभाषाकोशापेक्षा हा शब्द अधिक नेमका आहे. जुनी चोळी उलटी करून तिच्यातील माया मोजली, ती किती वेळा सोडली गेली आहे हे सुईच्या भोकांवरून पाहिले, तर एका शरीराचा दहा-पंधरा वर्षांचा इतिहास हाती लागेल. हे काम कोणत्याही महाविद्यालयाच्या गृहविज्ञान आणि इतिहास विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. भिंग, मोजपट्टी आणि चोळी उलटी करण्याची तयारी एवढे पुरे.

प्रसंगोपात्त एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. 'खण' हा शब्द मराठीत कापडाचा तुकडा आणि घराच्या दोन तुळयांमधील अवकाश, या दोन्हींसाठी चालतो. कसबा पेठेतील जुना वाडा इतक्या खणांचा म्हणून सांगितला जाई. बाईची ओटी खणानारळाने भरली जाते. एकाची व्युत्पत्ती दुसऱ्याला जोडण्याचा मोह टाळलेला बरा. परंतु दोन्हीकडे खण म्हणजे आकार देण्यापूर्वीचे माप, एका घराला किंवा एका अंगाला पुरेल असे, हे साम्य नजरेतून सुटू नये. ओटीत घातला जातो तो न शिवलेला खण. देणारीने माप द्यायचे आणि घेणारीने त्याला आपल्या अंगाचा आकार द्यायचा, असा हा व्यवहार आहे.

यापुढचा मुद्दा या विषयात सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत उपेक्षित आहे. तो म्हणजे दंड. लुगडे सर्वांत आधी विरते ते मध्यावर, जेथे बसण्याचा आणि कासोट्याचा ताण पडतो. काठ आणि पदर मात्र अजून धड असतात. अशा वेळी विरलेला पट्टा आडवा कापून टाकतात आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना शिवतात; त्या जोडाला दंड म्हणतात. दंड घातलेले लुगडे आखूड होते, त्याच्या मध्यावर एक जाड शिवण येते, आणि नेसणारीला ती शिवण निऱ्यांच्या पोटात किंवा मागच्या घडीत दडवावी लागते. येथे नेसण्याचे कौशल्य सौंदर्यासाठी नसून अब्रूसाठी वापरले जाते. शालू चापूनचोपून नेसणे हे कसब मानले गेले, त्यावर लिहिले गेले; दंडाची शिवण चारचौघींत दिसू न देणे हेही कसबच होते, आणि असंख्य बायकांनी ते रोज केले. संग्रहालयांत ते नाही. संग्राहकांच्या आणि देणगीदारांच्या दृष्टीने दंड घातलेले जुनेर ही जपण्याची वस्तूच नव्हे. परिणामी आपल्या वस्त्रसंग्रहांत विवाहसमारंभाचा इतिहास आहे, आठवड्याच्या इतर दिवसांचा नाही.

आणि ज्यांना चोळीच नव्हती त्यांचे काय? सोवळ्या विधवेच्या वाट्याला आलवण येई, तांबड्या रंगाचे जाडेभरडे वस्त्र, आणि त्याखाली चोळी घालण्याची मुभा नसे. तिचा पदर डोक्यावरून आणि दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला दिसतो तो केवळ लज्जेचा संकेत म्हणून नव्हे. चोळीचे काम त्या पदरालाच करावे लागत होते. वेशाच्या आत काय आहे याइतकेच काय नाही हेही रचनेचा भाग असते, एवढे या उदाहरणावरून पुरेसे स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही अंतर्गत रचना मोडू लागली. त्याचे एक चांगले दस्तऐवजी उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आहे. १८६५ मध्ये पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून पदवीधर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यातच निवर्तल्या. परदेशात नऊवारीमुळे उघड्या राहणाऱ्या पायांची अडचण जाणवल्यावर त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग स्वीकारला. चरित्रकारांनी या निर्णयाची चर्चा स्वधर्म आणि परदेश या चौकटीत केली. ती चौकट खरी आहे, पण अपुरी आहे. सकच्छ नेसणे सोडून गोल नेसणे याचा अर्थ केवळ पाय झाकणे एवढाच होत नाही. कासोटा गेला की वस्त्राला आतून पेलणारे काहीच उरत नाही. मग परकर येतो, त्याची नाडी येते आणि निऱ्या त्या नाडीत खोचल्या जातात. जी गाठ आजवर वस्त्राचीच होती ती आता त्याखालच्या दुसऱ्या, शिवलेल्या वस्त्राकडे गेली. १० ऑक्टोबर १८८५ च्या प्रसिद्ध छायाचित्रात आनंदीबाईंच्या बरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली आहेत. तिघीही आपापल्या देशाच्या पेहरावात. पाश्चात्त्य प्रेक्षकाला तेथे तीन 'राष्ट्रीय पोशाख' दिसले. वास्तविक त्या तीन निरनिराळ्या बांधण्या होत्या. ओकामींचा किमोनो मागाच्या रुंदीच्या सरळ पट्ट्या जोडून बनविलेला, धुताना उसवून पुन्हा शिवता येणारा. आनंदीबाईंची साडी न शिवलेली, पण नव्या रीतीने नेसलेली. ज्याला आपण परंपरेचे चित्र मानतो त्यात परंपरेचा सांधा नुकताच बदललेला आहे.

पुढे गिरणीचे बारीक सूत आले आणि 'पातळ' हा शब्द साडीचे नावच होऊन बसला. लुगड्याचे थर एकमेकांवर येत म्हणून त्यातून आरपार दिसत नसे. पातळाला ते साधले नाही. परकर केवळ सभ्यतेच्या नव्या कल्पनांमुळे रूढ झाला असे समजणे एकांगी ठरेल. सुताच्या जाडीनेही तो मागितला होता. चोळीच्या जागी पोलके आणि झंपर येण्याची कहाणी याच अंगाने पाहता येईल. गाठ गेली, गुंड्या आल्या, आणि अंगाच्या बदलांना सामावून घेण्याची जबाबदारी शिंप्याकडे गेली.

रंगभूमीने मात्र या विषयाला एक विलक्षण वळण दिले. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांच्या नेसण्याचे अनुकरण मराठी स्त्रियांनी केले, हे सर्वश्रुत आहे आणि बहुधा गमतीने सांगितले जाते. गमतीचा भाग सोडून त्याचा अर्थ पाहावा. ज्या शरीराला तो आकार निसर्गतः नव्हता त्यावर स्त्रीवेश इतका पटण्याजोगा उभा राहिला, याचा अर्थ तो आकार घडी आणि खोच यांनी निर्माण केलेला होता. स्त्रीवेश ही बांधणी आहे, हे मराठी प्रेक्षकाने गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांत वर्षानुवर्षे पाहिले. त्यातही 'एकच प्याला' (१९१९) मधील सिंधूची भूमिका लक्षणीय होय. भरजरी शालूंसाठी ज्यांना पाहायचे त्याच नटाला दारिद्र्याचे जुनेर नेसलेले पाहणे प्रेक्षकांना हेलावून गेले. दंडाच्या लुगड्याला मराठी कलेत मिळालेली ही बहुधा सर्वांत मोठी जागा, आणि तीही एका पुरुषाच्या अंगावर.

अलीकडच्या चित्रपटांची मजल येथवर पोहोचत नाही. रवी जाधव दिग्दर्शित 'बालगंधर्व' (२०११) या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वस्त्रांची श्रीमंती त्यात उत्तम साधली आहे. तथापि ज्या कृतीमुळे नारायणराव 'बालगंधर्व' होत त्या नेसण्याच्या कृतीवर कॅमेरा याहून अधिक वेळ थांबायला हवा होता. 'बाजीराव मस्तानी' (२०१५) मधील 'पिंगा' नृत्यावर पुण्यात बराच वाद झाला. पेशव्यांच्या घरातील स्त्रिया अशा नाचतील काय, हा वादाचा मुख्य विषय होता. वेशाच्या बाबतीत अधिक उपयुक्त प्रश्न दुसराच होता. अशा फेरांत, अशा वेगाने, न शिवलेले लुगडे आणि गाठीची चोळी कशी वागेल? त्याचे उत्तर शोधले असते तर नृत्याची रचनाच कदाचित बदलली असती. ऐतिहासिकता दागिन्यांच्या आणि काठांच्या बरहुकूम आणली जाते, हालचालीच्या नाही. आणि समीक्षकही तेवढ्यावर समाधान मानतात.

शिवलेल्या नऊवारीबद्दल मात्र नाक मुरडण्याचे कारण दिसत नाही. गणेशोत्सवात मानाच्या पहिल्या कसबा गणपतीची मिरवणूक निघते तेव्हा परिसरात ढोलताशांच्या पथकांतील आणि बघ्यांतील कित्येक तरुणींच्या अंगावर हीच नऊवारी असते. तिचा कासोटा आधीच शिवलेला, निऱ्यांवर टीप मारलेली, कमरेला इलास्टिक किंवा हूक. पाच मिनिटांत चढते, तासन्तास ढोल वाजविला तरी सुटत नाही. तिला खोटी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, ती कासोट्याचे मूळ प्रयोजन, म्हणजे पाय मोकळे ठेवणे, पाचवारीपेक्षा अधिक प्रामाणिकपणे पाळते. तिच्यात गमावले जाते ते वेगळे. लुगडे एकच, पण ते आई आणि मुलगी, जाडी आणि बारीक, दोघींना होई. शिवलेली नऊवारी मापात अडकते. लुगड्याचे ज्ञान नेसणारीकडे होते, ते आता दुकानातील शिंप्याकडे गेले आहे. कनवटीही गेली, तिच्या जागी मोबाइलसाठी शिवलेला खिसा काही ठिकाणी मिळतो, हे अगदीच वाईट नाही.

ज्यांनी आयुष्यभर लुगडे नेसले अशा वृद्ध स्त्रिया कसबा पेठेत आणि जुन्या पेठांतून आता थोड्या उरल्या आहेत. त्यांच्या हातांचे चित्रण करणे, त्यांच्याकडून प्रत्येक खोचेचे नाव विचारून घेणे, हे काम लांबविण्याजोगे नाही. वस्तूंच्या बाबतीत मात्र एक आशा शिल्लक आहे. जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत असताना माळ्यावरच्या ज्या गोष्टी टाकून दिल्या जातात त्यांत गोधड्या असतात. जुनेर शेवटी गोधडीतच जाई. तिच्या कडेचा धावदोरा चार बोटे उसवला तर वरच्या पातळाखाली लुगड्याचा थर लागतो, त्याखाली आणखी एक, रंग उडालेला, काठ कापून घेतलेला. आणि कित्येकदा त्याच्या मध्यावरून आडवी गेलेली, बारीक टाक्यांची, दंडाची शिवण.